हेस्टर पॉबजॉयचा पक्षी

हेस्टर पॉबजॉयचं नाव मी गाळलं. रीत म्हणून गाळलं, असं आजवर सांगत आले, ते खोटं.

ब्रिस्टलच्या ब्रिझलिंग्टन भागात ती राहायची. मी ज्या शाळेत इतिहास शिकवायची, तिथल्याच स्वयंपाकघरात तिनं पंचवीस वर्षं बटाटे उकडले. नवरा क्लेम बस चालवायचा. तो गेल्यावर तिनं परसातलं गवत उखडून घेवडा लावायला घेतला आणि कुदळीला तुकडे लागले. तीनशे वर्षांपूर्वी त्या बाजूला कुंभारांच्या भट्ट्या होत्या. मातीच्या ताटाला कथलाची पांढरी झिलई द्यायची, त्यावर निळी चित्रं काढायची, पुन्हा भाजायचं आणि चिनी भांड्यांची हौस भागवायची, असा तो धंदा. बिघडलेला माल मागच्या खड्ड्यात. तो खड्डा नेमका हेस्टरच्या घेवड्याखाली आला.

दुसरीनं ते तुकडे कचऱ्यात टाकले असते. हिनं जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक घासला आणि बिस्किटांच्या डब्यांत लावला. एक डबा पक्ष्यांचा, एक झाडांचा, एक नुसत्या रेघांचा, चौथ्यावर चिठ्ठी: ‘काय आहे कोण जाणे’.

मी जुनी भांडी जमवायची. आमच्या मंडळातले आम्ही सगळे संग्राहक अखंड ताटांचे. कडेचा टवका उडाला तरी नाकं मुरडायचो, तुकड्यांची काय कथा! माझ्या कपाटात एक ताट होतं. खडकावर एका पायावर उभा पक्षी, शेपटीखाली कुंचल्याचे तीन छोटे फटकारे. ते लंडनचं, हे मी तीस वर्षं सांगत होते. छापलंही होतं.

एकदा वर्गातल्या मुलींना दाखवायला ते शाळेत नेलं. जेवण वाढायच्या खिडकीतून हेस्टरनं मान बाहेर काढली.

“बाई, हा आमच्याकडचा.”

“कुणाकडचा?”

“माझ्या घेवड्याखालचा. शेपटीखालचे तीन फटकारे बघा ना. तोच मेला.”

“हेस्टर, हे ताट लंडनचं आहे.”

“असेल बाई. मग लंडनवाले आपली फुटकी भांडी गाडीत घालून माझ्या परसात टाकायला येत असणार. भलतेच टापटिपीचे लोक!”

आतल्या बायका खो खो हसल्या. मी तणतणत वर्गात गेले.

रविवारी मात्र तिच्या घरी हजर झाले. तिनं पक्ष्यांचा डबा उघडला. भट्टीत एकमेकांना चिकटून बसलेली दोन ताटं, वरच्यावर तो पक्षी आणि तीन फटकारे. असा माल कुणी विकत नाही, कुठं नेत नाही. भाजला तिथंच फेकतात. माझी तीस वर्षं पाण्यात गेली. हेस्टर फुशारली नाही. चरबी घातलेला गोड पाव कापून माझ्यापुढं सरकवला. “खा आधी. तोंड पांढरं पडलंय तुमचं.”

मी तो जोड काही दिवसांसाठी मागितला.

“न्या की. तुमच्या मंडळात दाखवणार?”

“दाखवीन. लेखही छापून येईल.”

तिनं एप्रनला हात पुसले. कोरडेच होते. “त्यात नाव येईल माझं? म्हणजे पॉबजॉय असं? क्लेमच्या घरातल्यांची नावं मेल्यावरच छापून येतात हो.”

“येईल की,” मी म्हणाले.

आमच्या मंडळात एक रीत आहे. वस्तूच्या मालकाचं नाव छापत नाहीत, चोरांना पत्ता नको म्हणून. ‘खासगी संग्रहातून’ एवढंच लिहितात. हेस्टरच्या जोडाखाली मी तेच लिहिलं. वर लेखात ‘माझ्या लक्षात आलं’ असं लिहिलं. शाळेच्या स्वयंपाकिणीनं माझी चूक काढली हे मला त्या लोकांपुढं कबूल करायचं नव्हतं. रीत आयती हाताशी होती.

शनिवारी दुपारी वार्षिक सभा झाली. हेस्टर जांभळी टोपी घालून आली होती, सोबत बहीण मॉड. दोघी शेवटच्या रांगेत. माझं भाषण झालं, टाळ्या झाल्या, लेखाच्या प्रती वाटल्या. मॉडनं चष्मा चढवला आणि ओळीवरून बोट फिरवत मोठ्यानं विचारलं, “हेस्टर, तू कुठायस गं यात? हे खासगी संग्रह म्हणजे तू का?”

कुणीतरी फिसकन हसलं. हेस्टर चहाच्या टेबलापाशी माझ्याकडं आली.

“बाई, नाव राहिलं वाटतं.”

“तशी रीत आहे आमची. चोरांच्या भीतीनं.”

“फुटकी ताटं कोण चोरणार, बाई?”

“चोरली की एकीनं!” मागून मॉड.

“गप्प बस गं,” असं म्हणून हेस्टरनं तिचं कोपर धरलं आणि दोघी निघून गेल्या. बशीतला केक तसाच राहिला.

सोमवारी शाळेत तिनं मला नेहमीसारखेच बटाटे वाढले. डावही तोच, मापही तेच. मी मान खाली घालून जेवले आणि एक शब्द बोलले नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही.

वसंतात लंडनच्या एका अभ्यासकाचं पत्र आलं: बाकीचे तुकडे बघायचे आहेत. तेव्हा कुठं माझे पाय तिच्या घराकडं वळले. गरज पडल्यावर. ती परसात काठ्या रोवत होती.

“डबे आहेत ना गं?”

“आहेत. एकात बटणं, एकात बिस्किटं.”

“आणि तुकडे?”

“काढले तिथंच पुरले. दोन हात खाली. वर घेवडा लावलाय.”

माफी मागायची ती वेळ होती. आणि मी काय म्हणावं? “हेस्टर, केवढं नुकसान केलंस!”

तिनं काठी खाली ठेवली. “बाई, तुम्ही निघा आता.”

सहा वर्षांनी ती गेली. नव्या मालकानं परसात गाड्यांसाठी काँक्रीट ओतलं. चिकटलेला जोड माझ्याकडंच राहिला. तिनं कधी परत मागितला नाही, मीही दिला नाही. मागच्या वर्षी तो संग्रहालयाला देऊन टाकला. कार्ड भरणाऱ्या मुलीनं विचारलं, “कुणाच्या संग्रहातून लिहू?”

“हेस्टर पॉबजॉय, शाळेची स्वयंपाकीण. तिला सापडला आणि तिनंच ओळखला.”

“तुमचं नाव कुठं घालू?”

“खाली. बाईनं तिचं नाव गाळलं होतं, असं लिही.”

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. “एवढी जागा नाही हो कार्डावर.”

म्हणून इथं लिहिलं.