अण्णांचं बटन

आमच्या घरात कुठलीही वस्तू दोनदा बंद करायची. आधी ती वस्तू, मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटन. गेलेली लाइट परत येताना जास्त दाबानं येते आणि सगळं जाळून टाकते, असं माझे वडील, अण्णा, सांगायचे. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. चौसाळ्यातल्या आमच्या घरचा टीव्ही असाच जळाला होता. तेव्हापासून तर अण्णा घरभर बटनं बंद करत फिरायचे.

टीव्ही जळाला तोही नको त्या वेळी. टीव्हीवरच्या एका शेतीच्या कार्यक्रमाची माणसं आमच्या सीताफळाच्या बागेत शूटिंग करून गेली होती. कॅमेरा समोर येताच अण्णांची बोलती बंद झाली. मग मागं उभ्या असलेल्या आईनं पदर सारखा केला आणि सगळं तिनंच सांगितलं, छाटणीपासून गर काढण्यापर्यंत. आईनं आजवर स्वतःला फक्त लग्नांच्या फोटोत पाहिलेलं, तेही मान खाली घातलेली. आता कार्यक्रम लागणार होता आणि तिला स्वतःला बोलताना बघायचं होतं.

"शेजारी जाऊन बघू की," मी म्हटलं.

"लोकाच्या घरात बसून सोताचं तोंड बघू व्हय? लाज वाटती बाई."

मग मी बीडहून एक वापरलेलं टीव्ही ट्यूनर कार्ड आणलं. ते कॉम्प्युटरच्या आत बसवून केबलची वायर जोडली की पडद्यावर टीव्ही दिसतो. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं आणि लिनक्सही; चालू करताना दोन्हींतलं एक निवडायचं. विंडोजमध्ये चित्र आलं, आवाज आला, पण कॉलेजातल्या पेनड्राइव्हवरून आलेल्या व्हायरसांनी तिथं असं बस्तान बसवलं होतं की जरा वेळानं सगळं ठप्प व्हायचं. लिनक्स ठणठणीत, पण तिथं पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम काढला, परत घातला, इंटरनेटवर अनोळखी लोकांनी सांगितलेल्या कमांड जशाच्या तशा टाइप केल्या. मुंग्या काही हटेनात. माझं डोकं इतकं फिरलं की मी कीबोर्डवर हात आपटला.

"त्याला मारून काय व्हतंय?" आई म्हणाली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अण्णा बागेत गेले होते. वैतागून मी विंडोजमधून कॉम्प्युटर पूर्ण बंद न करता नुसता रीस्टार्ट केला आणि लिनक्समध्ये शिरले. समोर बातम्या! स्वच्छ चित्र, खणखणीत आवाज. मी आईला हाका मारत सुटले. मग सगळं शिस्तीत बंद केलं, बटनासकट. संध्याकाळी अण्णांना दाखवायला थेट लिनक्स लावलं, तर पुन्हा मुंग्या.

"तुज्या मिशिनीला मी आवडत न्हाई," अण्णा म्हणाले.

चिडून मी कॉम्प्युटर बंद केला, सवयीनं हात बटनाकडे गेला आणि तिथंच थबकला. इंटरनेटवर वाचलेलं आठवलं: चालू होताना या कार्डाला एक छोटी फाईल भरवावी लागते. विंडोजकडे ती होती. लिनक्सकडे नव्हती, शोधूनही सापडली नव्हती. पण एकदा भरवली की वीज तुटेपर्यंत कार्ड ती धरून ठेवतं. आणि मी काय करत होते? विंडोज बंद, बटन बंद, मग लिनक्स. विहिरीवरच्या मोटारीत पाणी भरायचं आणि चालू करायच्या आधी ते सांडून टाकायचं, तसला प्रकार. शोभत होते अण्णांची लेक!

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसली. मी विंडोज लावलं, थोडं थांबले आणि रीस्टार्ट केलं. पडदा काळा झाला, तसा अण्णांचा हात बोर्डाकडे निघाला.

"हात काढा तिथून!" आई ओरडली.

अण्णांवर ती अशी ओरडलेली मी कधी ऐकली नव्हती. अण्णांनी निमूटपणे दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

आई दिसली. बागेत, उन्हात, कुठंही न अडखळता बोलत होती. खुर्चीतली आई मात्र तोंडाला पदर लावून बघत होती.

"माजा आवाज असा हाय?"

"असाच हाय," अण्णा म्हणाले. "लई गोड हाय."

कार्यक्रम संपल्यावर मी कॉम्प्युटर बंद करायला उठले.

"कावून बंद करती?" अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे चालू. सकाळी परत दाखिवतेत म्हणं."