बाबी परबचे कान

बाबी परब मंगळवारी सकाळी गेला. दुपारी मी गिरगावातून बस पकडून लालबागला गेलो आणि त्याच्या चाळीचा जिना चढलो. आमचं भांडण झाल्यापासून तो जिना मी चढलो नव्हतो.

खोलीत जमलेले लोक म्हणत होते, फार प्रेमळ माणूस. मी ऐकून घेतलं. बाबी प्रेमळ नव्हता. तीस वर्षं तो दर रविवारी दुपारी तबला घेऊन माझ्या खोलीवर यायचा, पण ‘काय, कसा आहेस’ असं कधी म्हणाला नाही. आल्या आल्या हातोडीने तबला ठोकायला बसायचा आणि सूर जुळला नाही की माझ्या पेटीकडे संशयाने बघायचा. “ही उतरली आहे. गद्र्या, पुस्तकं वाचून दाखवतोस काय हिला? झोपली ती.”

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करायचो, तो कोर्टात टायपिस्ट होता. चांगलं वाजवणाऱ्या कुणाचंही कौतुक निघालं की तो म्हणायचा, “हात सगळ्यांना असतात. कान कुणाला आहेत ते सांग.” आधी ऐक, मग वाजव, हे तो साथीला बसलेल्या प्रत्येकाला ऐकवायचा. गाणाऱ्यालाही.

एका पदाच्या अंतऱ्यात वरच्या षड्जावर जाताना मी घाई करतो. ती माझी जुनी खोड आहे. आमच्या वाडीत सत्यनारायणाच्या कार्यक्रमात ती जागा आली आणि मी पुढे गेलो. बाबीने तबला थांबवला, माइक ओढला आणि म्हणाला, “मंडळी, जरा दम धरा. पेटीवाले पुढे निघून गेलेत, त्यांना परत बोलावतो.”

लोक हसले. गाणाऱ्या बाईही हसल्या. मी भाता मिटला आणि उठलो. तो मागून अंगणात आला.

“तुझ्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही,” मी म्हणालो.

“नको चढू. मी पण तुझी चढत नाही. गुडघे वाचले दोघांचे.”

दोघांनीही शब्द पाळला. वर्षभर पेटीवर कापड पडून होतं. मग एक दिवस त्याची मुलगी शुभांगी आली, हातात माइक, हेडफोन आणि वायरींचं भेंडोळं घेऊन. ती कॉम्प्युटरच्या कामात आहे.

“गद्रेकाका, व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, त्यावर साथ जमत नाही. हे सॉफ्टवेअर नुसता आवाज नेतं, लवकर नेतं. तुम्ही इथे, बाबा तिथे, एकाच वेळी वाजवायचं.”

“त्याने पाठवलं तुला?”

“म्हणाले, विचारून बघ. यात पायरी चढावी लागत नाही.”

आवाज लवकर पोचायचा खरा, पण थोडा उशीर राहायचाच. माझ्या सुरासाठी तो थांबायचा, त्याच्या ठेक्यासाठी मी. मध्यलयीत सुरू केलेलं पद अंतऱ्यापर्यंत रांगायला लागायचं.

“तू मागे पडतोस,” मी म्हणायचो.

“मी? तू लोळतंस आणि माका सांगतंस?” संतापला की तो मालवणीत शिरायचा.

असे काही रविवार भांडण्यातच गेले. मग एका रविवारी लय टिकली. पद जिथे सुरू झालं त्याच लयीत पुढे जात राहिलं, तबला माझ्या बोटांखाली असल्यासारखा. मला वाटलं, हा शेवटी ऐकायला लागला. अंतरा आला, आणि नेमक्या त्या जागी हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, “चुकलंस, मेल्या.”

“नाही चुकलो,” मी म्हणालो. उत्तर आलं नाही. तबला चालूच राहिला.

पुढे प्रत्येक रविवारी हेच. तो म्हणायचा, मी उत्तर द्यायचो, तो माझ्या उत्तराला किंमत द्यायचा नाही. पद संपलं की विचारायचा, “झालं का तुझं?” मला तो टोमणा वाटायचा. मीही मग चिडून पेटी बंद करायचो. तरी पुढच्या रविवारी हेडफोन लावून वेळेआधी बसलेला असायचो.

तो गेला त्या मंगळवारी शुभांगीने मला बाहेर गॅलरीत नेलं.

“काका, एक सांगायचं राहिलं. वाजवताना बाबा तुमचा आवाज बंद करायचे.”

मला कळलं नाही.

“दोघांनी एकमेकांचं ऐकलं की लय पडत जाते. एकाने ऐकायचंच नाही, दुसऱ्याने त्याच्यावर वाजवायचं, तरच जमतं. मी म्हटलं, आळीपाळीने करा. तर म्हणाले, ‘गद्र्याला ऐकल्याशिवाय वाजवता येत नाही. माझ्याच कानातला आवाज बंद कर. आणि त्याला सांगू नको, डोक्यावर बसेल.’”

“मग चुकलंस म्हणायचा तो?”

“पाठ होतं त्यांना.”

म्हणजे ‘झालं का तुझं’ हा टोमणा नव्हता. माझं संपलं की नाही, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

आत रडणं चालू होतं आणि मला राग आला होता. आयुष्यभर कानांची मिजास करणारा हा माणूस आपले कान बंद करून बसला आणि सगळं ऐकणं माझ्या पदरात टाकून गेला. मला विचारलं नाही. त्या काळात मी चार नव्या जागा बसवल्या होत्या, त्याला खिजवायला म्हणूनच. त्यातली एकही त्याच्या कानावर गेली नाही. कुणीतरी शेजारी येऊन पुन्हा म्हणालं, फार प्रेमळ माणूस. मी जिना उतरलो. तो राग अजून गेलेला नाही.

त्या रविवारांचं ध्वनिमुद्रण शुभांगीने मला दिलं आहे. ते त्यांच्या बाजूचं, म्हणून त्यात फक्त तबला आहे आणि त्याचं बोलणं. रविवारी दुपारी मी ते लावतो आणि पेटी घेऊन बसतो. वरच्या षड्जाची ती जागा आता मी घाई न करता घेतो.

“चुकलंस, मेल्या,” तो म्हणतो.

मी चुकलेलो नसतो. तबला चालू राहतो.