सेलूतली भरती-ओहोटी

समुद्राला भिणारी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होती आणि ती नेमकी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. मुंबई राज्य मोठं झालं, आम्ही वर्धेवाले त्यात गेलो, आणि तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, बदली रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून थेट सेलूला झाली. काका बिचारे एक ट्रंक घेऊन आले. काकू अख्खा समुद्र घेऊन आल्या. सकाळी उठून तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघे. "आज अष्टमी, सहाला भरती," असं जाहीर करूनच त्यांची चूल पेटायची. मृग लागायच्या आत छपरावरून आडवे दोर टाकून त्यांना दगड बांधायच्या. वर्षाचे तांदूळ, अंथरुणं, पापड, एवढंच काय, काकांचे कचेरीचे जोडेसुद्धा माळ्यावर! रोज सकाळी तो सज्जन माणूस शिडी चढून जोडे उतरवायचा.

माझ्या सासूबाईंना तर चेव यायचा. "समुद्र कुठी, आपुन कुठी! तो का मोटारीत बसून येनार हाय?" गल्ली खो खो हसायची, काकूही हसायच्या. पण एकदा पापड लाटताना मला हळूच म्हणाल्या, "इथे माझं एकही बोलणं कुणी खरं मानीत नाही गं." मला फार वाईट वाटलं. नंतर मीही हसले, ते सोडा.

दुसऱ्या आषाढात असं वाऱ्याचं वावधान सुटलं की गल्लीतल्या छपरांवरचे कवेलू पानांसारखे उडाले. दोरांखालचा काकूंचा एक हलला असेल तर शपथ! झालं. त्या दिवसापासून काकूंना विचारल्याशिवाय कुणी वडीसुद्धा वाळत घालीना. काकूंचा चेहरा नुसता फुलला होता.

आणि अमावास्येला गल्लीमागचा नाला फुगला. सकाळीच पाणी गल्लीत शिरलं. आम्ही ज्वारीची पोती उचलायला धावलो, तर काकू पदर खोचून दारात हजर. "कशाला कंबर मोडून घेता? सव्वाअकराला पुरी भरती, मग ओहोटी. सव्वापाचला अंगण झाडायला घ्या!" आम्ही पोती होती तिथेच ठेवली आणि बाजेवर बसून चहा प्यायलो. पाचला सासूबाई खराटा घेऊन तयार. पाणी तोवर बाजेच्या दोरीला लागलं होतं! नाल्याला कुठलं पंचांग वाचता येतं! तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, तेव्हा गल्लीच्या ज्वारीला मोड आले होते.

काकू लपून बसल्या नाहीत. माळ्यावरचे सगळे तांदूळ काढले आणि घरोघर पायली भरून देत सुटल्या. आमच्या दारात डोळे पुसत म्हणाल्या, "चुकलं माझं. आमच्याकडे पाणी आलं की परत जातं हो. मला तेवढंच ठाऊक." महिनाभर गल्लीनं भात खाल्ला. "भातानं का पोट भरते? आचवून उठलं का पुना भूक!" असं करवादत सासूबाई पातेलं मात्र पुसून काढायच्या.

कुणी काकूंना बोल लावला नाही. पण त्यांची भरती बंद पडली. जोडे दारात आले. काका चार दिवस खूश होते, पाचव्या दिवशी भिंतीवरून मला म्हणाले, "वहिनी, घर कसं मुकं झालंय."

शेवटी एका चतुर्थीला सासूबाईंनीच भिंतीपाशी जाऊन हाळी दिली, "ओ कोकणवाली! आज भरती कितीले हाय वं?"

पलीकडून बारीक आवाज आला, "तीनला."

"अन् ओहोटी?"

"नऊला." हा आवाज जरा मोठा होता.

सासूबाई आत आल्या. मला हसू आवरेना. "आत्याबाई, सारी ज्वारी बुडाली, अन् तरी विचारून राह्यल्या?"

"चूप बस," त्या म्हणाल्या. "तिचं माहेर हाय थे."

माझं माहेर चार कोसांवर. मी चूप बसले.