नलूआत्याचा नवा नंबर

आमच्या भीमनगरात कोणाचाही मोबाइल उचला, १४०४ दाबा, उघडतो. चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती विसरणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय, म्हणून सगळ्यांनी तोच नंबर ठेवलेला. असल्या कुलपाचा उपयोग काय, हे मी सांगून थकले. पण माझं ऐकतील तर ते भीमनगरवाले कसले!

याचा फटका बसला नलूआत्याला. ती माझ्या वडिलांची बहीण. आर्णीत आमच्या शेजारीच राहते. कापसाच्या दिवसांत वेचणीला जाते आणि उरलेल्या दिवसांत गल्लीला शिस्त लावते. समोरच्या संघदीप वायरमननं एकदा तिचा फोन उघडून, तिचाच घोरतानाचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. आत्यानं त्याला भर चौकात असा झाडला की तो दोन दिवस मागच्या गल्लीतून ये-जा करत होता. मग चष्मा लावून ती नंबर बदलायला बसली.

"आता कोणाच्या बापाले सापडत नाई," तिनं ओट्यावरून जाहीर केलं. कोणता टाकला ते मलाही सांगितलं नाही. तिलाही त्याची गरज पडली नाही, कारण फोन अंगठ्यानं उघडायचा.

यंदा वेचणीत बोंडांची टोकं लागून तिची बोटं सोलवटली, आणि फोन अंगठा ओळखेना. त्यातच एक दिवस चार्जिंग संपून फोन बंद पडला, आणि चालू केल्यावर नंबरच मागू लागला.

"काय टाकला होता आत्या?"

"थेच त आठवून राह्यली ना मी!"

लग्नाची तारीख झाली, पोराचा वाढदिवस झाला, धम्मदीक्षेचं साल १९५६ झालं. दर चुकीला फोन जास्त वेळ रुसून बसायचा. मी हळूच म्हटलं, "१४०४ पाहू का?"

"थो त मीच बदलला! मले येडी समजतं काय?"

आत्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

पण यावेळी तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. तिचे यजमान, आमचे गोविंदामामाजी, दोन वर्षांपूर्वी गेले. जयंतीला विहारात भीमगीतं म्हणावीत तर त्यांनीच. त्यांच्या गाण्याचं एकच रेकॉर्डिंग होतं, ते या फोनमध्ये. आत्या ते एकटीच दार लावून ऐकायची. मी मागितलं तेव्हा, "थे माहं हाय," म्हणून तिनं विषय संपवला होता. दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

बसस्टँडजवळच्या जब्बारभाईंच्या मोबाइल दुकानात गेलो. आत्यानं पाऊल टाकताच बजावलं, "१४०४ टाकून पाहू नोको, बदलेल हाय."

"मंग रिसेट माराव लागन मावशी. फोन चालू होईन, पण अंदरचं सगळं साफ."

"मंग माहा माणूस बी साफ होईन," आत्या म्हणाली.

जब्बारभाईंनी हात मागे घेतला. मला रडूच आलं.

आठवडाभर ती फोन पदरात घेऊन फिरली. शेवटी स्वतःच म्हणाली, "चाल रुपाली. कुलपाले कवटाळून किती दिवस बसू?"

दुकानात तिनं फोन काउंटरवर ठेवला, "मार बाबा रिसेट," म्हणाली आणि पाठ करून रस्त्याकडे बघत उभी राहिली. जब्बारभाई तेव्हा संघदीपचा फोन दुरुस्त करून नुकतेच मोकळे झाले होते. मागच्या जयंतीला मंडळानं सगळ्यांना निळी कव्हरं वाटली होती, त्यामुळे काउंटरवर आता दोन सारखेच फोन. जब्बारभाईंनी बोलता बोलता संघदीपचा म्हणून एक उचलला, भीमनगरचा फोन म्हणून सवयीनं १४०४ दाबलं, आणि स्क्रीनवर हसले गोविंदामामाजी!

"मावशी!" जब्बारभाई ओरडलेच. "नंबर तुम्ही बदललाच नाई!"

नवा नंबर दोनदा टाकावा लागतो. आत्याचा दुसऱ्यांदा चुकला असणार. फोननं तसं इंग्रजीत सांगितलं, आणि आत्यानं 'झालं वाटते' म्हणून तो बंद केला.

"मी म्हटलं होतं ना..."

"तू चूप राय."

तिनं तिथंच रेकॉर्डिंग लावलं. मामाजी ताटावर ठेका धरून गात होते. दोन कडवी झाली आणि ते मध्येच थांबून म्हणाले, "नलू, चाय मांड वं!" मग पुन्हा गाणं. आत्या नव्या नवरीसारखी लाजली.

"म्हून कोणाले आयकवत नोती," ती पुटपुटली.

जब्बारभाईंनी विचारलं, "आता पक्का नवा नंबर टाकून देऊ?"

"कायले? हाच राहू दे. मी विसरली त गल्लीत कोणीबी सांगन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे गाणं गुरुपवर टाक. सगळ्यायजवळ राहू दे."

"चहाचं कापून टाकू?"

"कापतं कायले? तसंच टाक."

तेव्हापासून आत्याच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण मामाजींच्या सुरात आरोळी ठोकतो. जयंतीच्या सकाळी शुभेच्छा द्यायला आलेल्या जब्बारभाईंनीही ठोकली, "नलू, चाय मांड वं!" आत्यानं आतून त्यांना ठेवणीतल्या शिव्या हासडल्या, आणि पातेल्यात आणखी पाणी ओतलं.