हंड्रेड पर्सेंट येतो

भिजलेल्या गव्हाला तो आंबूस वास सुटला, की मला जाऊबाईंसोबतच्या शेवटच्या कुरडया आठवतात. त्यांचा खांदा धरलेला, माझं मनगट दुखरं, पण इथेच, गावातल्या गंगापूर रोडला राहणारा माझा लेक फोनवर म्हणाला होता, "आई, संडेला हंड्रेड पर्सेंट येतो, चीक मीच घोटतो." त्या भरवशावर तर आम्ही गहू भिजवले! रविवारी आधण खळखळायला लागलं, गच्चीवर ऊन चढलं, आणखी ठेवला असता तर चीक पार आंबला असता. फोन केला तर म्हणे, "ऑन द वे, आई. फाइव्ह मिनिट्स." जाऊबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "अरे बाबा, मराठीत सांग, घरातून निघालास का?" पलीकडून उत्तर, "काकू, आय विल ट्राय माय बेस्ट." "झालं," जाऊबाई मला म्हणाल्या, "ओता चीक आधणात." आळीपाळीनं घोटत राहिलो, पण हात थांबला की गुठळी धरायची. सोऱ्यातून एक तार धड पडेना. शेवटी सोऱ्या बाजूला ठेवला. दुपारी लेक आला आणि तोच चीक दूध-साखर घालून दोन वाट्या खाल्ला. "भारी झालाय! नेक्स्ट इयर डेफिनेटली मी घोटणार." जाऊबाई हसल्या, "हो रे राजा." आता त्या नाहीत. या आठवड्यात पुन्हा त्याचा फोन आला, "आई, धिस संडे, प्रॉमिस." आणि काय सांगू तुम्हाला, मी गहू भिजत घातलेत.