शिसपेन्सिलीतली धाव

काका पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे, चष्म्यावरून समोरच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आल्झो. आता खरं सांग."

आल्झो म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग'. हे ते खेळाडूंना म्हणायचे, पंचांना म्हणायचे. एकदा तर मैदानाच्या कडेला सॉसेज भाजणाऱ्या बाईलाही म्हणाले होते. चेंडू तिच्या शेगडीत पडला होता आणि तो रेषेच्या आतून आला की बाहेरून, हे तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

काका मूळचे साताऱ्याचे. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या कार कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथेच राहिले. तिथून जवळच आमचा बेसबॉल क्लब. अमेरिकन सैनिकांनी छावणी हलवली तेव्हा मागे दोन बॅटा, एक चेपलेलं हेल्मेट आणि या खेळाचा नाद लागलेली पाच-सात जर्मन पोरं उरली. त्यांचा हा क्लब. संघ सगळ्यात खालच्या लीगमध्ये होता. त्याच्या खाली फक्त नदी. पहिल्या सामन्यापासून काका त्याचे स्कोरर. स्वतः कधी बॅट हातात धरली नाही. "मी खेळलो असतो तर लिहिलं असतं कुणी?" म्हणायचे.

त्यांच्या वहीचा एक कायदा होता. सामना चालू असताना शिसपेन्सिल. नंतर ज्याची नोंद त्याला विचारायचं, त्याने कबूल केलं की वर शाई फिरवायची. शेऱ्याचा रकाना मात्र मराठीत. जर्मनमध्ये लिहिलं तर भांडणं होतील, हे त्यांचं कारण. मी ते शेरे पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. "पंचांना चष्मा हवा." "पिचर प्रेमात आहे, चेंडू कुठेही जातोय." "आज सगळेच भिकार. हवा उत्तम."

मी पुण्याहून त्याच कारखान्यात डिझाइनला आलो. मुळात कमी बोलणारा, त्यात जर्मन कच्चं. कँटीनमध्ये काकांनी मला गाठलं.

"क्रिकेट खेळायचास का रे?"

"कॉलेजात खेळलोय, काका."

"मग अर्धा बेसबॉल येतोच तुला. क्रिकेट विसरलास की उरलेला अर्धा येईल."

ते काही मला विसरता आलं नाही. आता जे सांगतो, ते चौदा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्या हंगामातला शेवटचा सामना. जिंकलो तर क्लब पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये जाणार होता. बरोबरी झालेली, शेवटचा डाव, आणि बॅट माझ्या हातात. फटका असा काही बसला की चेंडू त्यांच्या दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून थेट कुंपणापर्यंत घरंगळत गेला. मी सुटलो. बॅट हातातच. बेसबॉलमध्ये मारलं की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. पण बॅट टाकून पळणारा पुणेकर तुम्ही पाहिलाय का?

बाकावरून सगळे ओरडू लागले, "वेक! वेक!" जर्मनमध्ये याचा अर्थ टाक ती, बाजूला कर. मला ऐकू आलं, "वेग! वेग!" मनात म्हटलं, काय माणसं आहेत, माझ्यासाठी मराठी शिकली. मी वेग वाढवला.

पहिली गादी, म्हणजे बेस, मग दुसरी, तिसरी. शेवटी होम प्लेट, म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी रबरी पाटी. तिला पाय लावायचा, निदान हात तरी. चेंडू माझ्या मागोमाग येत होता. मी अंग झोकून दिलं, हात लांब केला आणि बॅट टेकवली. क्रिकेटमध्ये टेकवतात तशी, अगदी पुस्तकातल्यासारखी.

धुरळा उडाला. चेंडू त्यांच्या माणसाच्या हातातून निसटला. पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले. मी पडल्या पडल्या विचार करतोय, आता वाइड कसला? बेसबॉलमध्ये ती 'सेफ'ची, म्हणजे धाव मिळाल्याची खूण. तोवर पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं. आपण जिंकलो हे मला वरून कळलं.

आणि पाटीला फक्त बॅट लागली होती, हेही तेव्हाच कळलं. पाय हातभर मागे राहिला होता.

सोमवारी काका वही घेऊन घरी आले. पोहे खाल्ले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"आल्झो. पाय लागला होता?"

"पंचांनी सेफ दिलं ना, काका."

"पंचाच्या पायाचं नाही विचारलं मी."

मी म्हणालो, अजून थोडे पोहे घ्या. काकांनी घेतले. खिशाला लावलेलं शाईचं पेन तिथेच राहिलं.

पुढे दर हंगामात ते एकदा विचारायचे. कधी बसची वाट बघताना, कधी गणपतीच्या आरतीला झांजा वाजवता वाजवता. "काय रे, त्या धावेचं काय?" मी हसून विषय बदलायचो. क्लबच्या भिंतीवर माझा खांद्यावरचा फोटो लागला. तो टाळण्यासाठी मी मागच्या दाराने जायला लागलो. मागचं दार न्हाणीघरातून उघडायचं, त्यामुळे माझ्याबद्दल भलतेच समज झाले.

शेवटी काका वृद्धाश्रमात होते. मी रव्याचे लाडू घेऊन गेलो. त्यांनी लाडू फोडला, बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "शाई वाळत चाललीय हो माझी."

कधी नव्हे ते मला 'हो' म्हणाले. मी थंडी किती वाढलीय यावर बोललो. आठवड्याने काका गेले.

या वसंतात क्लबच्या वर्धापनदिनासाठी इतिहास छापायचं ठरलं. कार्यकारिणीने वह्या टेबलावर मांडल्या. अध्यक्ष म्हणजे तेव्हाचा आमचा प्रेमात पडलेला पिचर. पानं उलटता उलटता त्याचं बोट थांबलं.

"सगळं शाईत आहे. ही एकच धाव पेन्सिलीत का? आणि शेजारी काय लिहिलंय?"

मराठी वाचणारा खोलीत मी एकटाच. हवेबद्दल लिहिलंय, असं सांगून टाकता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण अक्षर काकांचं होतं, खाली दाबून, डावीकडे झुकलेलं.

"बॅट टेकवली. पाय नाही. पोरगा सांगेल."

मी ते जर्मनमध्ये वाचून दाखवलं. मग म्हणालो, "तो पोरगा मी. पाय लागला नव्हता."

अध्यक्ष उठला आणि त्याने कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. अर्धा तास वाद झाला. सेक्रेटरीने चष्मा बदलून वाचलं. शेवटी निर्णय आला: समोरच्या संघाने मैदान सोडण्यापूर्वी हरकत घेतली नव्हती. मुदत संपली. धाव वैध.

"गेनाऊ, अगदी बरोबर," सेक्रेटरी म्हणाला आणि पुस्तक मिटलं.

चौदा वर्षं मी न्हाणीघरातून ये-जा केली, आणि प्रकरण मुदतीत बसत नव्हतं! मला हसू फुटलं, आवरेना. मग लक्षात आलं, हा नियम काकांना पाठ असणारच. धाव त्यांनी कधीच पेन्सिलीत ठेवली नव्हती. मला ठेवलं होतं.

अध्यक्षाने पेन पुढे केलं. मी नकळत टोक जिभेला लावलं. शाईचं पेन, जीभ निळी झाली, सगळे हसले. काकांच्या पेन्सिलीवरून मी सावकाश शाई फिरवली. मग त्यांच्या शेऱ्याखाली जागा होती, तिथे एक शब्द लिहिला.

"काय लिहिलंस?" अध्यक्षाने विचारलं.

"सांगितलं."