तात्यांचं चूलबंद आवतण

तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्याजवळ लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या कॉलेजच्या कार्यालयात एका विद्यार्थ्याला वसतिगृहाचा अर्ज कसा भरायचा ते समजावत होते. फोन सुनीताचा होता. सुनीता म्हणजे तात्यांची सून. एरवी तिचा फोन येतो तो वाळत घातलेले कपडे आत घेऊ का, हे विचारायला. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "ताई, तात्या गेलं. तुमी या." दोन दिवसांपूर्वी त्यांना पौडच्या दवाखान्यात नेलं होतं. वय ऐंशीच्या पुढचं, छातीत कफ झालेला, तरी जीपमध्ये बसताना मला म्हणाले होते, "आज बी हापिस? तुमच्या सायबाला घरदार हाय का न्हाई?" मी फोन ठेवला, त्या मुलाचा अर्ज पुरता भरून घेतला, शिक्का मारला आणि मग उठले. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही.

आता पाच आठवडे होऊन गेले. खरं तर आम्ही तात्यांचे कोणीच नव्हतो. उरवड्याच्या अलीकडच्या एका वाडीत त्यांच्या घरामागे तीन खोल्या आहेत. त्यातल्या दोन खोल्यांचे आम्ही सात वर्षांपासूनचे भाडेकरू. मी, माझा नवरा आणि आमची लेक. गाव आमचं यवतमाळकडचं. नवरा इथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात, मी लवळ्यात. खोली बघायला आलो तेव्हा तात्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गाव सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भाताचा. "तितं भात पिकतो का?" मी म्हटलं, "नाही तात्या, कापूस आणि तूर." ते खरोखर काळजीत पडले. "मंग खाता काय?" मी हसले तर म्हणाले, "हसू नगा म्याडम. कापूस काय शिजवून खातात व्हय?" खोली मिळाली. पुढे मी चिडून "का?"ऐवजी आमच्याकडचं "काहून?" म्हटलं की ते मुद्दाम माझी नक्कल करायचे आणि अंगणभर हसायचे.

तात्यांचं गावात एक काम होतं, आणि ते त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं. कोणाकडे लग्न असो, बारसं असो की पूजा, आवतण द्यायला तात्या जायचे. घरोघरी, चालत. हल्ली पत्रिकेचा फोटो मोबाईलवर येतो, पण आमच्या वाडीत तात्या दारात येऊन गेले नाहीत तोवर बोलावणं आलं असं कोणी धरत नसे. आवतणाचे दोन प्रकार. घरटी एक माणूस बोलावलं असेल तर तसं सांगायचं. आणि सगळ्या घराला बोलावलं असेल तर म्हणायचं, "चूलबंद हाय." म्हणजे त्या वेळी तुमच्या घरात कोणी काही शिजवायचं नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. तात्या अंगणातून हाक मारून हे कधी सांगत नसत. घरातलं माणूस दारात येईपर्यंत थांबत, त्याने "व्हय" म्हटलं की पुढच्या घरी.

आम्ही राहायला येऊन तीनच महिने झाले होते. तात्यांच्या भावकीत लग्न निघालं आणि तात्या आमच्या दारात आले. "उद्या दुपारी. चूलबंद हाय बरं का." मी "हो हो" म्हटलं. चूलबंद म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, नव्हतं असं मुळीच नाही. पण मला वाटलं, घरामागेच राहतो म्हणून सांगितलं असेल बिचाऱ्यांनी. भाडेकरूला कसलं आलंय चूलबंद! उगीच तिघं जण जाऊन पंगतीत बसलो तर लोक म्हणतील, हे कुठले कोण आले जेवायला? म्हणून नवऱ्याला एकट्याला पाकीट देऊन पाठवलं आणि मी लेकीसाठी वरणभाताचा कुकर लावला. तिसरी शिट्टी झाली आणि मी खिडकीतून पाहिलं तर अंगणात तात्या उभे. नवरा एकटाच दिसला म्हणून भर उन्हात मांडवातून आम्हाला न्यायला आले होते. त्यांनी कुकरचा आवाज ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि आले तसे परत गेले.

पुढचे आठ दिवस तात्या आमच्याशी बोलले नाहीत. शेवटी सुनीताने मला धुणं धुताना सांगितलं. "ताई, तात्यांनी आवतण दिलं आन चूल पेटली, म्हंजी तात्यांचा शब्द पडला. मांडवात लोकं इचारत व्हती, तुमच्या भाडेकरणीला आमच्या हातचं चालत न्हाई का म्हून." मी घाबरले होते की आम्ही त्यांना जड होऊ, आणि त्यांना वाटलं की आम्ही त्यांना हलकं समजतो! त्याच संध्याकाळी मी माफी मागायला गेले. तात्या बिडी विझवून म्हणाले, "माफी ऱ्हाऊ दे. तुज्या घरी काय आसंल तवा तू आमाला आवतण दे. चूलबंद." त्यांच्या तोंडचं "म्याडम" जाऊन "तू" आलं होतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

लेकीच्या वाढदिवसाला मी आवतण दिलं. त्यांच्या घरातली अकरा माणसं आमच्या दोन खोल्यांत दोन पंगतींत जेवली. मी आमच्याकडची पाटवडी केली होती, रस्सा आमच्या पद्धतीचा, झणझणीत. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, "बरं झालंय. लई बरं झालंय." जेवण उरकलं, बाकीची माणसं गेली, तात्या हलायला तयार नाहीत. तासाभराने मी विचारलं, काही हवंय का? तर म्हणाले, "च्या ठिव की. आमच्या हितं आज चूल बंद हाय." तेव्हापासून ते मला पोरी म्हणायला लागले. माहेर सोडून सहाशे किलोमीटरवर आलेल्या बाईला त्या एका हाकेचं काय वाटतं, हे मी इथे लिहून दाखवू शकेन असं मला वाटत नाही.

इथवर लिहून थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण तात्यांना खोटं आवडत नसे, आणि मला जे सांगायचं आहे ते पुढेच आहे.

तिसऱ्या खोलीत बिकास राहायचा. ओडिशातला, चाळिशीला टेकलेला, उरवड्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर. बायकामुलं गावी. माणूस इतका मवाळ, की नळाला रांग असली तर आपली बादली मागे सरकवायचा. तात्यांना हिंदी येत नव्हती, त्याला मराठी. दोघांमध्ये निरोप्या मी. आणि सांगायची गोष्ट अशी, की आमच्या दारात आलेले तात्या त्याच्या दारापर्यंत कधी गेले नाहीत. मी एकदा विचारलं होतं. तात्या म्हणाले, "त्यो काय कायमचा हाय व्हय? आज हितं, उद्या आनिक कुटं." आम्ही तरी कुठे कायमचे होतो? पण तसं मी म्हटलं नाही. आम्ही आत आलो होतो, आणि आपल्यामागे दार लावून घेतलं जातंय याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं.

मग चारेक वर्षांपूर्वी ओढ्यावरची पाणी उपसायची एक मोटार नाहीशी झाली. देवळात बैठक बसली. बाहेरच्या लोकांना खोल्या देता, मग दुसरं काय होणार, असा सूर निघाला. "बाहेरचे" म्हणजे कोण, यावर थोडी ओढाताण झाली आणि शेवटी ठरलं की हिंदी बोलणाऱ्यांनी खोल्या खाली कराव्यात. माझा नवरा त्या बैठकीत मागे उभा होता. घरी येऊन म्हणाला, "आपलं नाव नाही निघालं." आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून आठवतं...

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मला म्हणाले, "त्याला सांग पोरी. आठ दिसांत." मी "नाही सांगत" म्हणू शकले असते. निदान "तुम्हीच सांगा" तरी म्हणता आलं असतं. मी बिकासच्या दारात गेले आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्याच्या हातात कणीक होती. तो म्हणाला, "दीदी, हमने कुछ किया क्या?" मी म्हटलं, "गाँव का फैसला है." आठ दिवस कशाला, त्या रविवारीच तो गेला. जाताना खोली झाडून, फरशी पुसून गेला.

महिन्याभराने मोटार सापडली. चोरीला गेलीच नव्हती. ज्याची होती त्याच्याच पुतण्याने ती जळालेली म्हणून दुरुस्तीसाठी, रिवाइंडिंगला, पिरंगुटला नेऊन टाकली होती. बांधावरून काका-पुतण्याचं बोलणं बंद, म्हणून त्याने काकाला सांगितलं नाही आणि काकाने त्याला विचारलं नाही! गाव हसलं आणि विसरलं. तात्या त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "नातीचं लगीन हाय पुढल्या महिन्यात. बिकासला आवतण द्यायचं. चल माज्यासंगं."

त्याचा नवा पत्ता कोणाकडेच नव्हता. शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहिलो. दोन संध्याकाळी तो दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दिसला. गेटमधून शेकडो माणसं बाहेर पडत होती आणि त्या गर्दीत तात्या धोतर सावरत पुढे घुसले, त्याचा हातच धरला. "ह्याला सांग, माझं चुकलं. सांग, नातीचं लगीन हाय, चूलबंद हाय." मी सांगितलं. चूलबंद म्हणजे काय तेही समजावलं. "तात्या कहते हैं, उनकी गलती हुई." बिकास खाली बघून म्हणाला, "ठीक है, दादा." तात्या "व्हय" ऐकायला थांबले होते. बिकासने पुन्हा एकदा "ठीक है" म्हटलं आणि तो गर्दीत गेला.

लग्नाला तो आला नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत तात्या मांडवाच्या तोंडाशी बसून होते. मी चला म्हटलं तर म्हणाले, "त्याचं काय चुकलं? मी बी न्हाई आलो आसतो." मग जरा वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तुजं काय सांगितलं का न्हाईस त्याला?" त्यांना हिंदी येत नव्हती, पण गेटवर मी माझ्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते हे त्यांना कळलं होतं. मी उठून पत्रावळी गोळा करायला लागले. त्यांनीही तो विषय पुन्हा कधी काढला नाही. ते तसे फटकळ होते, पण माणसाला कुठे सोडून द्यायचं ते त्यांना कळायचं, आणि मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तात्या गेल्यावर तेराव्याचं सांगायला कोण जाणार, हा प्रश्न आला. सगळ्या गावाची आवतणं देणारा माणूसच गेलेला. तात्यांचा मुलगा वाडीत फिरणार होता. सुनीता माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, भाडेकरूंच्या खोल्या तुमी करा. तात्यांनी तुमालाच सांगितलं आसतं." गेल्या दोन-तीन वर्षांत वाडीत पुष्कळ खोल्या झाल्या आहेत. बिहारची, ओडिशाची, नांदेड-परभणीची माणसं त्यात राहतात. मी एकेका दारात गेले, माणूस दारात येईपर्यंत थांबले. दोघीतिघींनी मला विचारलं, "हमको भी?"

सगळ्या दारांत जाऊन झाल्यावर मी बिकासला फोन लावला. नंबर त्याच्या एका जुन्या सोबत्याकडून मिळवला होता. तो आता चाकणला असतो. तात्या गेले ते सांगितलं. मी म्हटलं, "बिकासभाई, उस दिन दादा की अकेले की गलती नहीं थी. मेरी भी थी. मुझे बोलना चाहिए था, मैं नहीं बोली." पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग मी तेराव्याचा दिवस सांगितला आणि चूलबंद आहे म्हटलं. तेराव्याला चूलबंद म्हणतात की नाही, मला आजही ठाऊक नाही. माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन कट झाला.

तेराव्याच्या दिवशी पहिली पंगत बसायच्या आधीच तो आला. केस पांढरे झालेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. तीन गाड्या बदलून आला होता. तात्यांच्या फोटोपुढे डोकं टेकून उठला तेव्हा मी त्याला म्हटलं, पंगतीला अजून वेळ आहे, चहा-पोहे देते, सकाळी लवकर निघाला असाल. तो म्हणाला, "पंगत में ही खाऊँगा, दीदी. कल रात से कुछ नहीं बनाया. आपने बोला था ना, चूल्हा बंद है."

सुनीताने माझ्या हातातून पाण्याचा तांब्या घेतला. पहिल्या पंगतीत तात्यांच्या मुलाने बिकासला आपल्या शेजारी बसवलं, आणि त्याला मी वाढलं.